सुडाला साहेबाचा चेहरा लागतो

सॅम रायमी या अमेरिकी दिग्दर्शकाचा 'सेंड हेल्प' हा भयपट जानेवारी 2026 च्या अखेरीस आला. गोष्ट एका कंपनीच्या नियोजन विभागातल्या बाईची आहे. कामात सगळ्यांना भारी, पण कुणाच्या खिजगणतीत नाही. थोरल्या साहेबांनी तिला बढतीचा शब्द दिलेला असतो. ते जातात, मुलगा खुर्चीत बसतो आणि ती जागा आपल्या दोस्ताला देऊन टाकतो. पुढे विमान कोसळतं आणि निर्जन बेटावर ही दोघंच उरतात. तिला जाळ पेटवता येतो, पाणी शोधता येतं, निवारा उभा करता येतो. साहेबाला यातलं काहीच येत नाही. मग हिशेब सुरू होतो.

दबलेल्या नोकराचा सूड बघताना प्रेक्षक जागेवरून उठत नाही, कारण त्यातल्या अपमानाची त्याला पुरेपूर ओळख असते. रजेच्या अर्जावर मुद्दाम न झालेली सही, आपण केलेलं आणि दुसऱ्याच्या नावावर खपलेलं काम, चारचौघांत ऐकून घेतलेलं बोलणं. दोन तासांसाठी पारडं फिरतं आणि माणसाला हलकं वाटतं. ते वाटणं खरं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण हीच गोष्ट बीड जिल्ह्यात घडवायला घेतली तर लेखक पहिल्याच पानावर अडेल. सूड घ्यायला साहेब लागतो. त्याचा चेहरा लागतो, नाव लागतं, केबिन लागते. बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. त्यांचा साहेब कोण, हे त्यांना कुणी लिहून दिलेलं नाही.

* * *

ही साखळी नीट बघा. साखर कारखाना तोडणी-वाहतुकीच्या ठेकेदाराशी करार करतो. ठेकेदार मुकादमाला पैसे देतो. मुकादम गावात येऊन जोडप्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि हंगामभरासाठी बांधून घेतो. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, आष्टी या तालुक्यांतल्या टोळ्या मग कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सातारा किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्यांच्या हद्दीत जाऊन कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकतात.

आता त्या फडात बाई पडली, बैल मेला, मोळी टाकताना पाय मोडला, पोर ट्रॅक्टरखाली आलं, तर जबाबदार कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी पण तुमच्यातलाच, माझेच पैसे अडकलेत. त्याचं म्हणणं अनेकदा खरंही असतं. तीन बोटं तीन दिशांना आणि माणूस मधे उभा. 'सेंड हेल्प'मधल्या बाईला निदान एवढं तरी माहीत होतं की आपल्याला नाडणारा कोण आहे.

ही गफलत नाही, मांडणीच तशी आहे. मालक कोण हे ठरलं नाही, की भरपाई कुणी द्यायची, प्रॉव्हिडंट फंड कुणी भरायचा, मुताऱ्या कुणी बांधायच्या, पोरांच्या शाळेचं कुणी बघायचं, हे प्रश्न कुणाच्याच दाराशी जात नाहीत. राज्यातल्या कारखान्यांना ऊस लागतो, तो तोडायला माणसं लागतात आणि ती माणसं कारखान्याच्या कागदावर कामगार म्हणून सापडत नाहीत.

* * *

मराठीत या उसाचा भयपट झालेला आहे. विशाल फुरियांचा 'लपाछपी' 2017 साली आला, पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्या भूमिका होत्या. 2021 मध्ये फुरियांनीच त्याचा हिंदी अवतार 'छोरी' नावाने केला. सावकारांच्या तगाद्यातून पळालेलं जोडपं, बाई गरोदर, उसाच्या गर्द फडामधलं एकटं घर. रात्री पोरांचे आवाज, कुणीतरी लपाछपी खेळतंय. ती पोरं कोण, त्यांच्या मागे हिंडणारी बाई कोण, याचं उत्तर मुलगी नको म्हणून केलेल्या खुनांत आहे.

बीडच्या माणसाने हा सिनेमा बघितला तर त्याला भुताची भीती वाटायचं कारण नाही. 2001 च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या. 2011 ला त्या 807 उरल्या, राज्यात सर्वांत कमी. 2012 मध्ये परळीतलं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण उघडकीला आलं आणि फेब्रुवारी 2019 मध्ये त्या डॉक्टर दांपत्याला न्यायालयाने 10 वर्षांची शिक्षा सुनावली. 'लपाछपी'त जे गूढ म्हणून शेवटपर्यंत झाकून ठेवलंय, ते इथे जनगणनेच्या तक्त्यात उघडं छापलेलं आहे.

आपल्या लोककथांमधली भुतं एकदा आठवून बघा. बाळंतपणात गेलेली हडळ होते. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा मुंजा होतो. इच्छा अर्धवट राहून, मागे कुणी न ठेवता गेलेला समंध होतो. जिवंतपणी ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्याला मेल्यावर गावाला घाबरवायचा हक्क मिळतो. पिंपळाखालून जाताना लोक त्याची वाट सोडून चालतात, त्याला नैवेद्य ठेवतात. हयात असताना त्याला भाकरी कुणी दिली नव्हती.

सुडाचे सिनेमे याच समजुतीवर चालतात. न्याय मिळेल, पण आधी मरावं लागेल. ही समजूत मला मान्य नाही. बाईला तिचा हक्क ती हाडामासाची असताना मिळाला पाहिजे.

* * *

भयपटांत शरीराची चिरफाड दाखवतात आणि लोक डोळ्यांवर हात घेतात. बीडमधल्या बायका ती चिरफाड दोन शब्दांत सांगतात: पिशवी काढली.

2019 मध्ये हा विषय राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे दर सहाजणींत एक. यातल्या कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या. पाळी त्रास देते, अंगावरून जातं, कंबर धरते. खासगी दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढून मोकळं व्हायचं. ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडून उचल. उचल फेडायला पुन्हा फड.

बाईने हे का पत्करलं, ते समजून घ्यायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. पहाटे उठून स्वयंपाक, मग तोडणी, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत भरणं. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. पाळी आली म्हणून बसलं तर खाडा. एका खाड्याचे पाचशेच्या आसपास रुपये कापले जातात, असं बायकांनी तेव्हा सांगितलं होतं. आजारी पडायची सोयच नाही, अशा ठिकाणी शरीराचा त्रास देणारा भाग कापून टाकणं हा हिशेबाचा मार्ग ठरतो.

त्यानंतर बीडच्या प्रशासनाने गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. नियम चांगला आहे, तो राहिला पाहिजे. पण नियम डॉक्टरच्या दारावर लागला. खाडा कापणाऱ्याच्या दारावर काही लागलं नाही. बाईला तिथे ढकलणारा हात मोकळाच राहिला.

आणि पैसे किती? जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा तोडगा निघाला. टनाला 273 चे 366 रुपये झाले. नवरा-बायकोने दिवसभर राबून दोन टन तोडले तर 732 रुपये. दोघांचे मिळून. हिशेबाच्या वहीत ती दोघं मिळून एक कोयता असतात. पैसे नवऱ्याच्या हातात, नाव नवऱ्याचं, उचलीवर अंगठा नवऱ्याचा. बाईने निम्म्याहून जास्त काम केलेलं असतं आणि कागदावर ती कुठेच नसते.

कोयत्याला जोडी लागते, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं उरकली जातात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांमागे चाळीसहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. शाळेच्या हजेरीपटावरून नाव उतरतं आणि त्यानंतर कुठल्याच हजेरीपटावर चढत नाही.

* * *

कुणी म्हणेल, सिनेमा कार्यालयातल्या नोकराचा आहे, तुम्ही उसात कुठे शिरलात? तर आता कार्यालयाचंही बघू.

जिल्ह्यात डोंगरपट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर आश्रमशाळा आहेत, विनाअनुदानित शाळा आहेत. तिथले मास्तर पोराला शिकवतात, पोषण आहाराची नोंद ठेवतात, निवडणुकीचं काम करतात, संस्थेच्या कार्यक्रमात खुर्च्या लावतात. पगार 'अनुदान आलं की'. दहा वर्षं, पंधरा वर्षं, त्याहूनही जास्त. लग्न होतं, मुलं होतात, आईबाप म्हातारे होतात, अनुदान येत नाही. सरकारी कार्यालयांत बाह्यस्रोतातून भरलेले संगणकचालक आहेत. टेबल सरकारचं, काम सरकारचं, शिक्का सरकारचा, पण पगार एजन्सी देणार आणि एजन्सी निविदेगणिक बदलणार. तिथेही तेच. शाळा शासनाकडे बोट दाखवते, शासन संस्थेकडे. कार्यालय एजन्सीकडे, एजन्सी कार्यालयाकडे.

उसाच्या फडातली साखळी पंख्याखाली आणून बसवली आहे, एवढाच फरक.

बिनपगारी वर्षं काढून शेवटी जीव दिलेल्या शिक्षकाची बातमी या जिल्ह्याने वाचली आहे. त्या बातमीवर भाषणं झाली, चौकशीची मागणी झाली, आठवड्याभरात दुसरी बातमी आली. पडद्यावरचा नोकर साहेबाचा जीव घेतो. आपल्याकडचा नोकर स्वतःचा देतो. भयपट लिहिणाऱ्यांना याहून भयंकर काही सुचणार नाही. आणि अशा अवस्थेतून जाणारा कुणी हे वाचत असेल तर त्याला हात जोडून सांगतो: घरच्यांशी बोला, सहकाऱ्यांशी बोला, एकटे राहू नका. तुमचा पगार ज्यांनी थकवला त्यांच्यापायी तुमच्या पोरांनी तुमच्याशिवाय जगावं, असा कुठलाच न्याय नाही.

* * *

गेल्या सव्वा वर्षात बीडचं नाव निघालं की लोक दबकतात. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड आल्यामुळे ती झाली, असं तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटलं आहे. खटला न्यायालयात आहे, निकाल न्यायालय देईल.

मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. 28 डिसेंबरला बीड शहरात सर्वपक्षीय मोर्चा निघाला. त्या गर्दीत संताप होता, रडणं होतं. आणि मागणी काय होती? आरोपींना पकडा, खटला चालवा, शिक्षा द्या. राज्यभर ज्या जिल्ह्याला गुंडांचा जिल्हा म्हणून हिणवलं जातं, तिथल्या माणसांनी सूड मागितला नाही. कोर्ट मागितलं.

हे बाहेरच्यांनी लक्षात ठेवावं. बीडच्या माणसाला रक्ताची तहान नाही. त्याला दाखल झालेली फिर्याद हवी आहे, वेळेवर लागलेला निकाल हवा आहे, मिळालेल्या पगाराची पावती हवी आहे. सुडाची गोष्ट त्यालाच लागते ज्याच्यासमोर दुसरं कुठलं दार उघडं ठेवलेलं नाही. आणि दारं बंद ठेवणारे ओळखीचे आहेत. ते दर निवडणुकीत मतं मागायला येतात.

* * *

दारं उघडायची कशी, याची उत्तरं कायद्याच्या पुस्तकांत पडून आहेत.

कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्यातच तरतूद होती, की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती द्यायची. हेच तत्त्व उसाच्या फडाला लावा. ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो तो मालक, असं एकदा करारात लिहा. कारखान्याच्या नावाने लिहा, मुकादमाच्या नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कामगाराला नियुक्तिपत्र मिळणार, असं केंद्र सरकारने वाजवून सांगितलं. मग पुढच्या दिवाळीला शिरूर कासारच्या एसटी स्टँडवर टोळी उभी राहील तेव्हा प्रत्येकाच्या हातात ते पत्र दिसलं पाहिजे. जोडीचं एक चालणार नाही. बाईचं वेगळं, तिच्या नावाचं, तिच्या बँक खात्यासह.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याचा कायदा 2013 चा आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती हवी आणि जिथे तशी सोय नाही तिथल्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. उसाचा फड हे कामाचं ठिकाण आहे. त्या समितीचा फोन नंबर कोप्यांच्या तळावर मराठीत रंगवून लावा. घर बीडला आणि फड सांगलीला असणाऱ्या बाईने तक्रार कुठे द्यायची, हे तिला शोधायला लावू नका. दोन जिल्ह्यांच्या कलेक्टरांनी आपसात ठरवावं.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. ग्रामसेवकाने नोंदणी करून ओळखपत्रं द्यायची असंही ठरलं. या निर्णयांबद्दल सरकारचं अभिनंदन करायला मी तयार आहे, पण आधी हिशेब फळ्यावर लिहावा: कुठल्या कारखान्याने किती टनांचे किती भरले, त्यातून किती पोरं वसतिगृहात राहिली, किती बायकांची ओळखपत्रं निघाली. गावनिहाय आणि दरवर्षी.

आणि खाडा. पाळीचा खाडा, आजारपणाचा खाडा, बाळंतिणीचा खाडा. तो कापणं सरळ बेकायदा ठरवा. पिशव्या वाचवायच्या असतील तर डॉक्टरला परवानगी मागायला लावणं अर्धंच काम आहे.

शिक्षकांचं तर आणखी सोपं आहे. अनुदान द्यायचं असेल तर तारीख सांगा. द्यायचं नसेल तर तेही लेखी सांगा. माणसाला वर्षानुवर्षं आशेवर राबवणं ही फसवणूक आहे आणि ती सरकारने केली तरी फसवणूकच राहते.

* * *

शेवटचं बोलणं पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांशी आहे. तुमच्यापैकी अनेकजण सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सभेत तुम्ही उसाच्या दरावर भांडता, वजनकाट्यावर भांडता, सवलतीच्या साखरेवर भांडता. हक्कच आहे तुमचा. येत्या सभेत त्यात एक प्रश्न वाढवा. अध्यक्षांना उभं राहून विचारा, की गेल्या हंगामात आपला ऊस ज्या बायकांनी तोडला, त्यांतल्या किती जणींची नावं आपल्या हजेरीपटावर आहेत? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. उत्तर शून्य आलं तर तेही नोंदवून घ्या. त्या कारखान्याचे मालक तुम्ही आहात. त्या बायकांच्या मजुरीचे आणि जिवाचे देणेकरीही तुम्हीच आहात.